राखणदाराजवळचा कागद

"तो बसला होता तिथंच मला बसवा," बाई म्हणाल्या.

मी जीपचं मागचं दार उघडून उभा होतो. वयस्क बाईमाणूस, मागं पाय लांब करून बसेल, असा माझा हिशोब. मी दार लावलं.

"मग पुढं या. तो माझ्या शेजारी बसला होता."

बाई पुढं बसल्या. मांडीवर कापडी पिशवी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पिशवीतून त्यांनी मुलाचा फोटो काढला, मला दाखवला आणि परत ठेवला. दाखवायची गरज नव्हती. पोलिसांनी दोन वर्षांपूर्वी तोच फोटो मला चार वेळा दाखवला होता.

त्यांचं नाव प्रमिला सोनटक्के. नाशिकला प्राथमिक शाळेत तेहेतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. आठ दिवसांपूर्वी मी वरच्या कातळाच्या सड्यावर होतो, तेव्हा फोन आला होता. "लवू धुरी का? तुम्ही गाव दाखवता ना? दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाला एक दिवस फिरवलंत. मला तस्संच फिरवा. एक ठिकाण जास्त नको, एक कमी नको."

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. जीप जुनी, पण माझी. शहरातली माणसं येत, त्यांना मी सकाळी महादेवाचं देऊळ, मग सड्यावरून खाडी, दुपारी आमच्या घरी जेवण आणि उतरत्या उन्हात देवराई असं दाखवून संध्याकाळी वडाच्या तिठ्यावर एसटीला सोडत असे. लोक खूश होऊन जात. मला बोलता यायचं, एवढंच माझं भांडवल. वाचता येत नव्हतं. सही करता येई आणि आकडे येत. कोणी कागद पुढं केला तर "चष्मा घरी राहिला" म्हणायचं, हे माझं ठरलेलं. आमच्या घरात चष्मा कधी नव्हताच.

गाडी सुरू केली तशी बाई म्हणाल्या, "काका, मला देवळं बघायची नाहीत. तो काय बोलला ते सांगत चला. मला एवढंच कळायला हवंय, तो माझ्यावर रागावून गेला की नाही."

"रागावलेला नाही वाटला, बाई."

"तसं नको. वाटलं ते नको. काय बोलला ते सांगा."

महादेवाच्या देवळात त्यांनी हात जोडले नाहीत. मंडपाच्या लाकडी छताला कोरलेल्या मूर्ती मी बोटानं दाखवत होतो, तर त्या माझ्या बोटाकडं न बघता खांबाकडं बघत होत्या.

"इथं तो कुठं उभा होता?"

"ह्या खांबाला टेकून. म्हणाला, काका, हे कोरणाऱ्याला किती वर्षं लागली असतील? मी म्हटलं, आजानं सुरू केलं, नातवानं संपवलं असं सांगतात. तर म्हणाला, म्हणजे मधल्या बापाला ना सुरुवात दिसली ना शेवट."

बाई जरा हसल्या. "हे त्याचंच. असंच बोलायचा." मग खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्याची उंची जास्त असणार, कारण बाईंनी मान वर करून बघितलं. बराच वेळ. मी बाहेर येऊन तळीच्या पायरीवर बसलो.

सड्यावर वारा होता. कातळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं. तिथून खाली खाडी दिसते, वळण घेत समुद्राला जाते. त्या खाडीत पोलिसांनी तीन दिवस होड्या घातल्या होत्या. त्या मुलाची पिशवी तिठ्यावरच्या वडाच्या पारावर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. माणूस सापडला नाही. एसटीच्या कंडक्टरला आठवत नव्हतं, होडीवाल्यांना काही मिळालं नव्हतं. मेला म्हणावं तर मढं नाही, जगला म्हणावं तर चिठ्ठीचपाटी नाही.

"इथं त्यानं काय केलं?"

"तुमचा फोन लागतो का, असं विचारलं. मी म्हटलं, आख्ख्या गावात फक्त इथंच लागतो. गाव फोन करायला सड्यावर चढतं. मी म्हटलं, घे, करायचा तर कर. तर नको म्हणाला. त्याच्याकडं फोन नव्हता."

"नव्हताच. त्यानं टाकून दिला होता." बाई खाली कातळावर बसल्या. "त्याचे बाबा आयसीयूत होते चार दिवस. हा बंगळूरला. आम्ही फोन करतोय, ह्याचा फोन बंद. कुठं डोंगरात गेला होता मित्रांबरोबर. आला तेव्हा अस्थिविसर्जनसुद्धा झालं होतं. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. पुन्हा तोंड दाखवू नकोस. काका, मी तेहेतीस वर्षं मुलांना रागावले. दुसऱ्या दिवशी मुलं परत येतात. शाळेत येतातच."

मी गाडीतून पाण्याची बाटली आणून त्यांच्यापुढं धरली.

दुपारी घरी आलो. माझ्या बायकोनं, चंदानं, घावन, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि सोलकढी केली होती. चंदा बोलायला फटकळ. तिनं पानावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "तुमचो झील तीन घावनां खावन उठलो. चवथा देवक गेलंय तर म्हणता, आईच्या हातचा खाल्ल्यासारा लागता, म्हणान नको. आता ह्या काय उत्तर? मिया म्हटलंय, मेल्या, मगे तर जास्त खावक व्हया!"

बाईंचा घास हातातच राहिला.

"गप बस," मी चंदाला म्हटलं.

"कित्याक गप? चांगला बोललो ता सांगतंय. वायट नाय सांगणंय."

"बोलू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "अजून काय म्हणाला?"

पण चंदाला आणखी काही आठवेना. तिनं त्यांच्या पानात न विचारता चौथं घावन वाढलं. बाईंनी ते संपवलं.

देवराईकडं निघालो तसा माझ्या छातीवर कोणी धोंडा ठेवावा तसं व्हायला लागलं. कारण मी पोलिसांनाही सगळं सांगितलं होतं आणि बाईंनाही सगळं सांगत होतो, एका गोष्टीखेरीज.

आमच्या राईचे नियम कडक. कुऱ्हाड आत नाही. पायात चप्पल नाही. आतली सुकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. आणि आत जे अर्पण केलं ते कायमचं तिथलं. मधोमध राखणदाराची जागा, देऊळ असं नाहीच, शेंदूर नसलेला एक उभा दगड आणि त्याच्या पायाशी धोंड्यांची रास. तिथं बाबी गुरव गाऱ्हाणं घालतो. आता शहरातल्या माणसाला चारचौघांत मोठ्यानं आपलं दुखणं सांगायची लाज वाटते. म्हणून मीच एक रीत पाडली होती. ज्याला तोंडानं सांगवत नाही त्यानं कागदावर लिहून द्यावं, मी धोंड्यांच्या कपारीत ठेवीन. काही महिन्यांत वाळवी कागद नेते. वाळवीनं नेला म्हणजे राखणदाराला पोचला. पाहुण्यांना हे फार आवडे. कोणी विचारी, "काका, तुम्ही वाचता का हो?" मी म्हणे, "छे! दुसऱ्याचं गाऱ्हाणं वाचलं तर ते बाटतं." हा नियम राईचा नव्हता. माझा होता. आणि का होता ते मलाच ठाऊक.

बाबी गुरव वाट बघत होता. माझ्याच वयाचा, अंगात बनियन, कमरेला पंचा, आणि जीभ कायम तिखट.

"इलस? माका वाटला, जीप ढकलूक माणसां शोधतस की काय."

मी बाईंची ओळख करून दिली. बाबीचा चेहरा उतरला. त्यानं हात जोडले. मग दगडासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा राखणदारा, ह्या लेकराची आई आज तुझ्या पायाकडे इली हा. तिचो झील तुझ्या हद्दीतसून गेलो. जितो आसलो तर त्याची वाट आईच्या दाराक लाव. नसलो तर तिच्या मनाचो घोर काढ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. बाईंनीही म्हणायचं असतं. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "इथं तो काय बोलला?"

"इथं काही नाही बोलला. नुसता बसून होता."

"आणि मग?"

"मग मी त्याला तिठ्यावर सोडलं."

"तेव्हा शेवटचं बघितलंत?"

"नाही. त्यानंतर तासाभरानं पुन्हा दिसला. पारावर बसला होता. मी ह्या बाजूनं परत जात होतो. त्यानं हात वर केला. मी पण केला."

"परत जात होतात म्हणजे? त्याला सोडून तुम्ही पुन्हा इकडं आला होतात? कशाला?"

इतक्या लोकांनी इतक्या वेळा विचारपूस केली होती, पण हे कोणी विचारलं नव्हतं. बाई पोरांच्या वह्या तपासलेल्या. मी बाबीकडं बघितलं. तो नारळ फोडायला दगड शोधत होता.

"कागद ठेवायला," मी म्हटलं.

मग सगळं बाहेर पडलं. तिठ्यावर उतरताना त्या मुलानं माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला होता. बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात नीट गुंडाळून, वर रबर लावून. म्हणाला, "काका, तोंडानं नाही जमत. एवढं आजच्या आज कराल ना?" मी म्हटलं, "अगदी आत्ता जातो." आणि खरंच तसाच राईत गेलो होतो. त्याचं गाऱ्हाणं समजून त्याच पावली राखणदारापाशी ठेवून आलो होतो.

बाई एक पाऊल पुढं आल्या. "त्यात काय लिहिलं होतं?"

"वाचत नाही मी. दुसऱ्याचं गाऱ्हाणं…"

"काका."

तेहेतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईच्या डोळ्याला डोळा देणं सोपं नसतं.

"मला वाचता येत नाही, बाई," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. बाबीच्या हातातला नारळ तसाच राहिला. चाळीस वर्षांचा मैतर, त्यालाही ठाऊक नव्हतं.

कपारीत मी हात घातला. दुसऱ्यांचे कागद होते त्यांची माती झाली होती. हाताला फक्त वाळवीचं घर लागलं आणि त्यात मधोमध तो चकचकीत पुडा, जसाच्या तसा. वाळवीला ते प्लॅस्टिक खाता आलं नव्हतं. माझ्या मनात आलं, म्हणजे ह्याचं गाऱ्हाणं पोचलंच नव्हतं तर.

बाई पुडा घेऊन उजेडाकडं चालू लागल्या तसा बाबी आडवा आला. "बाई, रागावू नकात. हयसून सुकी काडी भायर जात नाय. वाचा, पण हयच वाचा."

बाई एका झाडाच्या मुळावर बसल्या. रबर तुटलं. कागद उघडून वाचला. परत वाचला. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. चेहऱ्यावरचं रक्त मात्र कोणी ओढून घ्यावं तसं उतरत गेलं. कितीतरी वेळ त्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मला त्या नजरेतलं काही कळेना.

"काय लिहिलंय, बाई?"

त्यांनी कागदाची घडी घातली. नखानं घडीवर रेघ ओढली, वहीला ओढतात तशी.

"रागावला नव्हता तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात ते बरोबर. आणि…" त्या थांबल्या. "तुमचे आभार मानलेत. फार चांगला दिवस दाखवलात म्हणून. तुमच्यावर त्याचा भरवसा बसला होता."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खोटं कशाला सांगू, आनंद झाला.

"कागद इथंच ठेवायचा ना?" त्यांनी बाबीला विचारलं.

"व्हय बाई. व्हया तर उतरून घेवा."

"नको. पाठ झालं." त्यांनी कागद पुन्हा पुड्यात गुंडाळला आणि स्वतःच्या हातानं कपारीत आतपर्यंत सारला. वर तीन धोंडे ठेवले. मग मला म्हणाल्या, "तिठ्यावर तुम्ही हात कसा केलात तो? दाखवा."

मी दाखवलं. तिथं चढ होता, गाडी थांबवली असती तर पुन्हा चालू व्हायला ढकलावी लागली असती, म्हणून चालत्या गाडीतूनच केला होता. त्या मुलानं हात हलवून 'काय झालं?' असं विचारल्यासारखं केलं. मी दोन्ही हात क्षणभर स्टिअरिंगवरून काढून मोकळे पसरले आणि एक बोट आभाळाकडं केलं. म्हणजे, ठेवला कागद, आता आपल्या हातात काही नाही, सगळं वरच्याच्या हातात.

"असं," मी म्हटलं.

"पुन्हा करा."

मी पुन्हा केलं. बाईंनी मान हलवली आणि डोळे मिटले.

परतताना मी बडबड करत होतो. मन हलकं झालं की माझी जीभ सैल सुटते. म्हटलं, "बाई, आता मी वाचायला शिकणार. नातीला शाळेत घातलीय, तिच्याच पाटीवर गिरवीन. लाज कसली?"

मला वाटलं, मास्तरीणबाई, शाबासकी देतील.

"नका शिकू," त्या म्हणाल्या. समोर रस्त्याकडं बघत. "ह्या वयात कशाला? इतकी वर्षं अडलं नाही. राहू दे."

मला ते लागलं. दिवसभर जिची मर्जी सांभाळली तिनं शेवटी अडाण्याला अडाणीच ठेवलं, असं वाटलं. तिठ्यावर त्या उतरल्या. वडाच्या पाराकडं गेल्या, त्यावर हात ठेवला, आणि एसटी आली तेव्हा चढून गेल्या. मागं वळून बघितलं नाही.

मग मी जिद्दीनंच शिकलो. नात पहिलीत, मी पण पहिलीत. ती माझ्या हातावर पट्टी मारायची आणि चंदा चुलीपासून हसायची, "आजोबानू, क काढतास की कावळो?" दोन वर्षं लागली. दुकानाच्या पाट्या आल्या, मग औषधाच्या बाटल्या, मग वर्तमानपत्राचे मोठे मथळे. पण माझं लक्ष दुसरीकडंच होतं. माझ्याबद्दल जन्मात कोणी चार शब्द लिहिले होते, ते एकदाच. ते मला स्वतः वाचायचे होते. स्वतःचं कौतुक वाचायला म्हणून मी एका दुपारी एकटाच राईत गेलो. दुसऱ्याचं गाऱ्हाणं वाचलं तर बाटतं, पण हे तर माझ्याचबद्दल होतं.

तीन धोंडे बाजूला केले. पुडा होता. मुळावर बसून बोट ठेवत ठेवत वाचलं. अक्षर सुबक होतं, आईनंच वळण लावलेलं असणार.

'काका, तोंडानं सांगायला जमत नाही म्हणून लिहितो. सड्यावर तुमचा फोन लागतो म्हणालात. तिथून खालच्या नंबरवर माझ्या आईला फोन करा. म्हणा, निनाद इथं आहे, घरी ये म्हणते का. एवढंच विचारा. मी शेवटच्या एसटीपर्यंत तिठ्यावर बसतो. ये म्हणाली तर त्याच गाडीनं निघतो. नाही म्हणाली तर तसं सांगा, मी समजून घेईन. तुमच्यावर भरवसा आहे. निनाद.'

खाली दहा आकडे होते. आकडे मला तेव्हाही येत होते. घडी उघडली असती तरी पुरे होतं.

कागद होता तिथं ठेवला. आकडे डोक्यात घेतले आणि गाडी न काढता पायीच सड्यावर चढलो. वारा होता. फोन लागला.

"हॅलो? कोण?"

आवाज खोल गेला होता, पण बाईच. माफी मागायचे शब्द मला शिकवलेच नव्हते कोणी. नुकतं वाचलेलं तेवढंच तोंडात होतं.

"निनाद इथं आहे," मी म्हटलं. "घरी ये म्हणता का, एवढंच विचारायचंय."

मला वाटलं, फोन तुटला.

"नका शिकू म्हटलं होतं ना मी," बाई म्हणाल्या.

मी उभ्या जागी कातळावर बसलो. खाली खाडीला ओहोटी लागली होती. बाईंचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, अगदी हळू, आतल्या खोलीत कोणी निजलेलं असावं तसं, "ये म्हणावं त्याला."

मी सडा उतरून तिठ्यावर आलो आणि वडाच्या पारावर बसलो. शेवटची एसटी आली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "येताय?" मी मान हलवून नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग कोणाची वाट बघताय?" आणि घंटी मारली.